चित्रकलेचा तास : नशिराबाद व परिसर

चित्रकला हा महाराष्ट्रातल्या शाळांमधला सगळ्यात बिनमहत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा विषय आहे. वेळापत्रकात त्याचा तास बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर किंवा शनिवारी शेवटी येतो, म्हणजे गणित कोणाच्याच डोक्यात शिरणार नाही अशा वेळी. जूनपासून दिवाळीपर्यंत तो बऱ्यापैकी नियमित होतो. दिवाळीनंतर इतर विषयांचे शिक्षक तो ‘आजच्या दिवस’ मागून घेऊ लागतात आणि फेब्रुवारीत दहावीच्या वर्गातून तो पुरता नाहीसा होतो. वेळापत्रकात चित्रकला असते, फळ्यावर प्रमेय असते. मात्र त्याच आठवड्यात निरोप समारंभाचा फलक, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी आणि प्रमाणपत्रांवरची वळणदार नावे लागतात, तेव्हा मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळी शाळा चित्रकलेच्या सरांना शोधत असते. हे सगळे पाहायला नशिराबाद हे गाव सोयीचे आहे.

नशिराबाद जळगावच्या पूर्वेला, भुसावळच्या वाटेवर, राष्ट्रीय महामार्गाला लागून आहे. गाव जुने, मोठे, केळीच्या पट्ट्यातले. भाविकांना ते झिपरूअण्णा महाराजांच्या समाधीमुळे माहीत असते आणि उरलेल्यांना टोलनाक्यामुळे. चित्रकलेच्या दृष्टीने या गावाचे स्थान हेवा वाटावे असे आहे. जगभरातले लोक विमानाने येऊन जी भित्तिचित्रे पाहतात ती अजिंठ्याची लेणी जळगावपासून साधारण साठ किलोमीटरवर आहेत. एवढेच नव्हे, तर लेण्यांना वळसा घालून जाणारी वाघूर नदीच पुढे नशिराबाद आणि भुसावळच्या मधून तापीकडे जाते. म्हणजे लेण्यांतल्या पद्मपाणीच्या चित्राच्या पायाशी वाहणारे पाणी, असलेच तर, नशिराबादच्या शिवाराजवळून जाते. त्याचा इथल्या चित्रकलेवर आजवर कोणताही परिणाम आढळलेला नाही.

बघून काढण्याची परंपरा मात्र या भागात भक्कम आहे. रॉबर्ट गिल नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी १८४४ पासून पुढे अनेक वर्षे अजिंठ्याला राहून चित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा नकला केल्या, त्याही लंडनला पाठवल्या आणि १८८५ मध्ये तिथे लागलेल्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. गृहपाठ मेहनतीने करायचा, वेळेवर जमा करायचा आणि तो जमा केलेल्या ठिकाणीच नष्ट व्हायचा, ही घटना या भागाच्या कलेतिहासात अशी दोनदा घडली. तिसऱ्यांदा ती २०२० साली घडली, त्याचे वर्णन पुढे येईल. गिल यांचा शेवट १८७९ मध्ये भुसावळजवळ झाला आणि त्यांची कबर भुसावळलाच आहे. इतकी वर्षे चित्रे काढूनही त्यांना कोणी स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायला सांगितल्याची नोंद नाही. कलाशिक्षकांच्या दृष्टीने हे भाग्यच म्हणायचे.

शाळेतल्या चित्रकलेचा पाया घातला तो इंग्रजांनी. जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झाले. त्या काळी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये ठरलेल्या पद्धतीने डोळ्याला आणि हाताला वळण लावायचे, रेघ सरळ यायला हवी, वर्तुळ गोल यायला हवे, असा दंडक होता. अशा शिक्षणातून उत्तम कारागीर तयार व्हावेत ही अपेक्षा होती. चित्रकार झाला तर त्याची जबाबदारी सरकारवर नव्हती. १८९७ मध्ये व्हिएन्नात फ्रांझ चिझेक यांनी मुलांचा वर्ग काढला आणि तिथे मुलांना मनाला येईल ते काढू दिले. ही बातमी पूर्वेकडे यायला बराच वेळ लागला. नशिराबादला ती यायची आहे. मधल्या काळात १९१५ पासून आपल्याकडे शासकीय रेखाकला परीक्षा सुरू झाल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नावांनी त्या घरोघर ठाऊक आहेत आणि १९६५ मध्ये स्थापन झालेले कला संचालनालय त्या घेते. मराठी घरांत ‘त्याची एलिमेंटरी झाली आहे’ हे वाक्य अजूनही एखादा ऐवज दाखवावा तसे उच्चारले जाते.

परीक्षेकडे वळण्यापूर्वी ‘निसर्गचित्र’ या प्रकाराचा विचार सविस्तर करावा लागतो, कारण शाळेतल्या चित्रकलेचा नऊ दशांश भाग त्यानेच व्यापलेला आहे. सहावीच्या कोणत्याही वर्गात ‘निसर्गचित्र काढा’ एवढे म्हटले की एका तासात सगळ्या वह्यांत एकच चित्र तयार होते. मागे दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या बेचक्यातून अर्धा वर आलेला, किरणे फुटलेला सूर्य. वर उत्तर बरोबर असल्याच्या खुणा करत उडणारे पक्षी. डोंगराच्या पोटातून निघून पुढे येता येता रुंदावणारी नदी, तीत एक होडी. काठावर उतरत्या लाल कौलांची झोपडी आणि झोपडीवर झुकलेले नारळाचे झाड. हवे असल्यास दोन बदके.

या चित्राची नशिराबादच्या भूगोलाशी तुलना केली असता पुढील गोष्टी आढळतात. सातपुडा गावाच्या उत्तरेला आहे आणि अजिंठ्याचे डोंगर दक्षिणेला. दोन्ही रांगा पूर्व-पश्चिम धावतात. तेव्हा डोंगरांच्या बेचक्यातून सूर्य उगवायचा तर त्याला आपली दिशाच बदलावी लागेल. प्रत्यक्षात तो भुसावळच्या अंगाने, म्हणजे दीपनगरच्या वीज केंद्राच्या बाजूने उगवतो. दोन चिमण्यांच्या मधून वर येणारा सूर्य शास्त्रदृष्ट्या निर्दोष ठरला असता, पण तो सहसा कोणी काढत नाही. नदीचे म्हणाल तर मे महिन्यात वाघुरीच्या पात्रात होडी न्यायची झाल्यास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून न्यावी लागते. झोपडीचे उतरते छप्पर कोकणातल्या पावसासाठी असते. खान्देशातली जुनी घरे धाब्याची, सपाट माळवदाची. त्यावर उन्हाळ्यात माणसे झोपतात आणि मिरच्या वाळतात. आणि नारळ हा जळगाव जिल्ह्यात मुख्यतः देवळात फुटतो. झाडावर तो दिसला तर लोक थांबून बघतात.

केळी मात्र या चित्रात नसते. शाळेच्या कुंपणापलीकडे केळीची बाग, येता-जाता केळीचे घड भरलेले ट्रक, काही मुलांच्या घरचे सगळे वर्ष केळीच्या भावावर. पण चित्रात नारळ. यामागचे कारण कलेइतकेच गृहव्यवस्थेशी निगडित आहे. केळीचे पान वाऱ्याने फाटते. ते जसे दिसते तसे काढले की घरचे म्हणतात, असं फाटकं काय काढलं, नीट काढ. नारळाची झावळी जन्मतःच कापलेली असल्याने तिच्याबद्दल तक्रार येत नाही.

असे चित्र काढणाऱ्या मुलाला सरांनी हटकावे, “काय काढी राह्यला रे भो? आपल्या गावात नारळ कुठे पाहिला तू?” त्यावर मूल मान वर न करता सांगते, “हे गाव नाही सर, चित्र हाये.” या उत्तराच्या पुढे बालकलेच्या जाड ग्रंथांनाही फारसे जाता आलेले नाही. गाव वेगळे आणि चित्र वेगळे. चित्रातल्या प्रदेशात पाऊस वेळेवर पडतो, सूर्य डोंगरातून येतो आणि आकाश निळे असते. मार्चनंतर नशिराबादवर जे पांढुरके आभाळ तापत असते त्याला रंगपेटीत बाटलीच नाही.

परीक्षेतला पहिला महत्त्वाचा भाग समोर ठेवलेल्या वस्तू पाहून काढण्याचा. एलिमेंटरीला त्याला वस्तुचित्र म्हणतात, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. स्टुलावर मागे घडी पडलेले कापड, तांब्या किंवा किटली, पुढे एखादे फळ, अशी मांडणी असते. जळगाव जिल्ह्यातल्या सरावात फळ म्हणून केळी ठेवली जातात आणि त्यामुळे इथले स्थिरचित्र फार काळ स्थिर राहत नाही. तासाच्या सुरुवातीला फणीला पाच केळी असतात. सर दुसऱ्या वर्गात जाऊन येईपर्यंत तीन उरतात. डाव्या रांगेतल्या मुलांच्या कागदावर पाच, उजव्या रांगेत तीन, आणि एका कागदावर दोन केळी व एक साल, अशी प्रामाणिक नोंद सापडते. यावर उपाय म्हणून भरताचे वांगे ठेवण्याची पद्धत पडली. कच्चे वांगे कोणी खात नाही, त्याला गोलाई असते, चकाकी असते. शिवाय संध्याकाळी ते घरी नेता येते.

छायाप्रकाशाचा नियम असा, की उजेड नेहमी डावीकडून येतो. वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या असोत, वर ट्यूबलाइट असो, दार सताड उघडे असो. वस्तूची सावली उजवीकडेच पडते, कारण मार्गदर्शक पुस्तकात ती उजवीकडे आहे. समोरचा तांब्या ही केवळ सूचना असते.

स्मरणचित्र हा सगळ्यात अवघड भाग. ‘आठवडे बाजार’, ‘जत्रा’, ‘बसस्थानक’, ‘पावसातील एक प्रसंग’ असे विषय येतात आणि त्यात माणसे काढावी लागतात. माणसाला चेहरा, हात आणि पाय असतात आणि तिन्ही अवघड असतात. म्हणून महाराष्ट्रातल्या परीक्षार्थींनी गेल्या शंभर वर्षांत एक पर्यायी माणूस विकसित केला आहे. तो पाठमोरा उभा असतो. त्याचे हात खिशात असतात, नाहीतर पिशवीमागे. पाय गुडघ्यापर्यंत गवतात बुडालेले असतात, मग प्रसंग फलाटावरचा का असेना. बाई असेल तर तिच्या डोक्यावर पदर आणि पदरावर टोपली, म्हणजे केसांचाही प्रश्न मिटतो. बाजार असो की जत्रा, सगळा महाराष्ट्र परीक्षकाकडे पाठ करून उभा असतो. अशा तीन आकृत्या वर्षभर घोटून पाठ केल्या की कोणत्याही विषयावर स्मरणचित्र काढता येते. छत्री दिली की पावसाळा, फुगा दिला की जत्रा.

संकल्पचित्रात वर्तुळ किंवा चौकोन देऊन त्यात नक्षी करायची असते. कोयरी, पान, फुलपाखरू एवढ्या भांडवलावर ते होते. भूमिती आणि अक्षरलेखन कंपासपेटीच्या जोरावर निभावते. अक्षरलेखनात ज्याचा हात बसला तो विद्यार्थी मात्र पुढे दहा वर्षे सुटत नाही. गावातल्या प्रत्येक मंडळाचा फलक, वर्गणीच्या पावत्यांवरचे नाव आणि वाढदिवसाचा बॅनर त्याच्याकडे येतो.

हेच शिक्षकाच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर घडते. आर्ट टीचर डिप्लोमा करून आलेल्या माणसाला वर्गात चित्रकला शिकवायची असते, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचा प्रत्यक्ष दिवस असा जातो: सकाळी प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर जयंती किंवा पुण्यतिथीनुसार रंगीत खडूंनी व्यक्तिचित्र. हे फलक-रेखाटन उत्तर महाराष्ट्रात फारच फोफावलेले आहे. त्यात चांगली कामे होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती डस्टरने पुसली जातात. त्यानंतर सुविचार. मग शालेय पोषण आहाराचा तक्ता, विज्ञान प्रदर्शनाच्या पाट्या, मतदार जागृतीचे पोस्टर, पाहुणे येणार असल्यास रांगोळी, दहावीच्या परीक्षेला बाकांवरचे बैठक क्रमांक. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात त्याचा मुक्काम रंगमंचाच्या मागे असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचे विद्यार्थी शंभराहून जास्त असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा, असे म्हटले आहे. अर्धवेळ हा शब्द योजण्यामागे उरलेला अर्धा वेळ बाकांवर क्रमांक टाकण्यासाठी ठेवण्याचा हेतू असावा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून चित्रकला फोनवर आली. राज्याने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासमाला सुरू केली, दीक्षा ॲप होते, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागत होती. गावपातळीवर मात्र शिक्षण म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. त्या ग्रुपवर गणिताचे सर स्वाध्याय टाकत, इंग्रजीच्या मॅडम व्हिडिओ टाकत आणि चित्रकलेचे सर विषय टाकत. इतर विषयांत मुलांना काय आले याचा अंदाज घ्यावा लागे. चित्रकलेचा निकाल रात्रीपर्यंत सगळ्या गावाला दिसे.

पहिली अडचण साहित्याची. जनरल स्टोअर बंद होते आणि ड्रॉइंग शीट जीवनावश्यक वस्तूंत मोडत नव्हती. तेव्हा मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ, लग्नपत्रिकेची आतली बाजू आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्सचा कोरा भाग कामी आला. एखाद्या चित्रातल्या आकाशातून गट नंबर आणि पोटखराब्याचे क्षेत्र झळके. रंगांसाठी हळद, कुंकू, नीळ, चुना, गेरू आणि चुलीवरच्या तव्याची काजळी वापरण्यात आली. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही गेरू, चुना आणि काजळी वापरली होती, ही समान बाब. फरक इतकाच की अजिंठ्याच्या चित्रांना मुंग्या लागल्या नाहीत. सहावीच्या एका पिवळ्या सूर्याची हळद गुळाच्या पाण्यात कालवलेली होती.

दुसरी अडचण फोनची. घरात फोन एक आणि तो दिवसा वडिलांबरोबर शेतात किंवा बाजार समितीत. त्यामुळे चित्रे रात्री नऊनंतर येत. धाब्यावर चढले की रेंज मिळे, म्हणून चित्र घेऊन वर जायचे, वाऱ्याने कागद उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि फोटो काढायचा. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत निळे आकाश हिरवे दिसे आणि हिरवे गवत तपकिरी. दोन-तीन महिन्यांत सरांना बल्ब वजा करून चित्र पाहण्याची विद्या साधली. काही चित्रे आडवी येत, काहींवर फोटो काढणाऱ्याच्या डोक्याची सावली असे (तीही, नियम मोडून, मधोमध), काहींच्या कोपऱ्यात पिठाचा अंगठा. घरातला संवाद साधारण असा असे:

“माय, फोटो काढ ना, सर वाट पाही राह्यले.”

“थांब रे, भाकर करपीन. काढ तूच.”

“मंग चित्र कोण धरीन?”

चित्र मग लहान बहीण धरी आणि फोटोत चित्राइतकीच बहीण येई. व्यक्तिचित्र म्हणून ती पुष्कळदा सरस ठरे.

सरांच्या बाजूचीही तयारी पाहण्यासारखी होती. स्टुलावर दोन स्टीलचे डबे, डब्यांवर आडवी मोठी पट्टी, पट्टीच्या टोकाला रबरबँडने बांधलेला फोन आणि खाली कागद. पंखा लावला की कागद हलतो, बंद केला की घामाचे थेंब जलरंगात पडतात; जलरंग या माध्यमाचा इतका शब्दशः वापर पूर्वी झाला नसेल. काही फोनांत पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्रण उलटे साठवले जाई. तशा एका फोनवरून अक्षरलेखनाचा धडा गेला आणि एका इयत्तेच्या बऱ्याच मुलांनी ‘क’ उजवीकडून डावीकडे, अतिशय नीटनेटका काढून पाठवला. सरांनी तसा दाखवला होता, त्यांनी तसा काढला. साउथ केन्सिंग्टनला याहून वेगळे काय अपेक्षित होते?

या काळात निसर्गचित्राला पहिल्यांदाच खरा प्रतिस्पर्धी मिळाला. यूट्यूबवर ‘सोपे ड्रॉइंग’ शोधले की तैलखडूंनी रंगवलेले पौर्णिमेचे चित्र येते: जांभळे आकाश, भला मोठा चंद्र, झोक्यावर पाठमोरी बसलेली मुलगी. जुलैपर्यंत जांभळ्या रात्रीने दोन डोंगरांना मागे टाकले. काही जणांनी कोपऱ्यातले चॅनलचे नाव आणि लाल घंटाही इमानाने उतरवली. नारळाचे झाड मात्र तिथेही होते.

कोरोनाविषयक जनजागृतीचे पोस्टर हा वर्षभराचा अनिवार्य विषय. काटेरी हिरवा चेंडू कोणालाही काढता येतो, कंपासने तर उत्तमच येतो. आणि मुख्य म्हणजे मास्कमुळे मानवाकृतीचा जुना प्रश्न सुटला. नाक नाही, ओठ नाहीत, हनुवटी नाही. दोन डोळे आणि खाली निळी पट्टी. शंभर वर्षे परीक्षकाकडे पाठ करून उभा असलेला महाराष्ट्र २०२० साली प्रथमच वळून समोर पाहू लागला. महामारीचा मराठी चित्रकलेला झालेला हा एकमेव निर्विवाद फायदा.

घरून आलेल्या चित्रांचा दर्जा झपाट्याने सुधारला, हे निरीक्षण सर्वत्र नोंदवले गेले. सहावीतल्या मुलाची रेघ एका आठवड्यात प्रौढ झाली. बारकाईने पाहता तीच रेघ आठवीतल्या त्याच्या भावाच्या आणि शेजारच्या घरातल्या पाचवीतल्या मुलीच्या चित्रातही आढळली. कॉलेज बंद असल्याने घरी बसलेली एखादी ताई किमान तीन इयत्तांची चित्रकला एकहाती सांभाळत होती. सरांनी त्यावर ‘छान’ लिहून अंगठा पाठवला, कारण फोन आईच्या हातात होता आणि अर्धे आकाश आईने रंगवले होते.

आता तिसरी आग. सप्टेंबरपर्यंत सरांच्या फोनमध्ये पाच-सहा वर्गांची चित्रे, त्याच चित्रांच्या दुरुस्त प्रती आणि पालकांनी पाठवलेले शुभ सकाळचे सूर्योदय इतके साठले की फोनने जागा संपल्याचे सांगितले. जागा करताना सूर्योदयांबरोबर मुलांची सूर्यफुलेही गेली. मुलांकडे मागावीत तर तिकडचे फोनही भरलेले, आणि मूळ कागदात तोवर कुणी शेंगदाणे बांधून नेलेले. क्रिस्टल पॅलेसमध्ये निदान धूर तरी निघाला होता.

घरात बसून कला करण्याचा खान्देशातला सर्वांत मोठा दाखला खरे तर चाळीसगावचा आहे. केकी मूस हे विलायतेत शिकून आलेले छायाचित्रकार आणि चित्रकार चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात राहिले आणि १९८९ मध्ये वारले तोवर, जवळजवळ पन्नास वर्षे, घराबाहेर पडले नाहीत म्हटले तरी चालेल. घरातल्या टेबलावर लहानसहान वस्तू मांडून ते असे देखावे उभे करत आणि त्यांची छायाचित्रे घेत, की पाहणाऱ्याला ती दूरदेशीची दृश्ये वाटावीत. त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रांना देशात आणि परदेशात पारितोषिके मिळाली. ऑनलाइन चित्रकलेच्या परिपत्रकांत त्यांचे नाव यायला हवे होते. नेटवर्कची तक्रार त्यांनी एकदाही केली नसती.

मूस यांच्यासारखेच काहीसे, नकळत, काही घरांत झाले. विषय संपत आल्यावर सरांनी ‘घरातील एक वस्तू, समोर बसून’ असा विषय दिला. घरचा कूलर यूट्यूबवर सापडत नाही. आपल्या कूलरची एक जाळी निखळलेली असते, ती सुतळीने बांधलेली असते, आणि खालच्या टाकीला बादली लावलेली असते. हे पाहूनच काढावे लागते. तेव्हा पहिल्यांदा कूलर आला, सुतळीसकट. केळी कापायचा विळा आला, त्याच्या मुठीला गुंडाळलेल्या चिंधीसह. धाब्यावर टाकलेली खाट आली, तिची नवार एका बाजूला सैल. भाकरी थापणारी आई आली. ती पाठमोरीच होती, पण या वेळी ती खरोखर पाठमोरी बसली होती आणि पाटावर दुमडलेल्या तिच्या पावलांना काढणाऱ्याने गवतात लपवले नव्हते. एरवी निसर्गचित्रात कायम ‘क’ श्रेणीत असणाऱ्या, नदी नीट न जमणाऱ्या पोरांची ही चित्रे होती. ताईला तिथे फारशी मदत करता आली नाही. तिची रेघ जरा जास्तच सरळ होती. सरांनी ती चित्रे कौतुकाने शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. खाली लगेच दोन अंगठे आले आणि तिसरा संदेश आला, ‘सर, लसीकरणाच्या कॅम्पचा फलक उद्या सकाळपर्यंत.’

२०२० साली रेखाकला परीक्षा झाली नाही. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. परतलेल्या मुलांना ‘शाळेचा पहिला दिवस’ हा विषय दिला, तेव्हा शाळेच्या मागे दोन डोंगर उगवले आणि बेचक्यात सूर्य.

पुढे परीक्षाही पूर्वीसारख्या होऊ लागल्या. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण, ‘ब’ ला पाच, ‘क’ ला तीन अशी सवलत असल्याने तिला गर्दी असते. कलेविषयी पालकांचे प्रश्नही मोजके राहतात: फॉर्म कधी भरायचा आणि सात मिळतील ना? चित्र काढून पोट भरता येते का, या जुन्या प्रश्नाला खान्देशात नमुनेदार उत्तर उपलब्ध आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावात १९२५ साली जन्मलेल्या राम सुतार यांना त्यांच्या शिक्षकाने, श्रीराम जोशी यांनी, ओळखले आणि जे. जे. त पाठवले. पुढे गुजरातेतला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा त्यांनी घडवला. हे उदाहरण पालकसभेत सांगितले की पालक मान डोलावतात आणि मग मागच्या रांगेतून आवाज येतो, “ते मुंबईले गेले व्हते ना, भो.”

‘अ’ श्रेणी मिळवलेली बहुतेक मुले अकरावीला सायन्स घेतात आणि रंगपेटी धाकट्या भावाबहिणीकडे जाते. पालकांना एवढीच विनंती, की ती देताना पांढऱ्या रंगाची एक बाटली नवी आणून द्यावी. बाकी सगळे रंग शिल्लक असतात, तेवढाच संपलेला असतो.